अवधान

बोम्मसंद्र्याला राहायला येऊन मला तीन महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. अभ्यागत प्राध्यापक म्हणून वर्षभर बंगळुरात काढायचे ठरले, तेव्हा संस्थेच्या जवळपास घर परवडेना. राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून बोम्मसंद्र्यापर्यंतची मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली होती. तेव्हा शेवटच्या स्थानकाजवळ राहिले तरी फारसे बिघडत नाही, असे जाणत्या मंडळींनी सांगितले. शेवटच्या स्थानकावर राहण्याचा एक लाभ असा की सकाळी गाडीत बसायला जागा मिळते, आणि जागा मिळाली की वाचता येते. गावाच्या नावातील 'संद्र' हा 'समुद्र' या शब्दाचा झिजून उरलेला अवशेष आहे. या प्रदेशातील गावांच्या नावांत समुद्र म्हणजे तळे. आज मात्र होसूर रस्त्यालगतची औद्योगिक वसाहत हीच बोम्मसंद्र्याची ओळख. पाळी बदलली की कामगारांच्या बसगाड्या माझ्या खिडकीखालून जातात, आणि मला घड्याळ पाहावे लागत नाही.

त्या खिडकीशी माझे टेबल आणि टेबलावर संगणक. त्याच्या पडद्यावर त्या दिवसांत तीन खिडक्या उघडलेल्या असत. पहिली माझ्या टिपणांची. तीत मी मराठीत लिहीत असे. दुसरी एका जुन्या ग्रंथाच्या छायाप्रतीची. तिसरी लहानशी, उजव्या कोपऱ्यात, संवादाची. ती माझ्या एका संशोधक विद्यार्थिनीसाठी राखलेली होती. मुलगी निपाणीकडची, घरी मराठी, शाळा कानडी. मला कानडी शिकायचे होते, म्हणून आमचा करार असा की त्या खिडकीत मी तिला कानडीतच लिहायचे आणि तिने माझ्या चुका काढायच्या. गुरुशिष्यांच्या भूमिका रोज तासभर उलटत, आणि ते आम्हा दोघींनाही आवडे. तिचा निरोप नजरेआड जाऊ नये म्हणून ती खिडकी मी 'सदैव वर' ठेवली होती. इतर कितीही खिडक्या उघडल्या तरी ती झाकली जात नसे.

तिचा विषय जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' हा होता. शहाजीराजांच्या बंगळुरातील दरबाराशी निगडित असलेला हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली संपादून प्रसिद्ध केला, आणि त्याला अशी प्रदीर्घ प्रस्तावना जोडली की पुढच्या अभ्यासकांपैकी कित्येकजण प्रस्तावनेतच मुक्कामाला राहिले. संस्कृत चंपूच्या जोडीला अनेक भाषांतील रचना त्यात आहेत. तुलनाकाराला याहून अधिक काय हवे? मुलीने पहिले प्रकरण लिहून आणले. मी ते छापून घेतले, टेबलाच्या डाव्या बाजूस ठेवले आणि वाचता वाचता टिपणे करू लागले.

पुढे काय घडले ते समजण्यासाठी कळफलकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मी इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहिते. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून सर्व लिप्यांना एकच मांडणी, हे त्यामागचे सूत्र. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांच्या संगणकीय व्यवहारावर काम करीत होते. पुढे पुण्यात सी-डॅकने ते काम चालविले, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने आयएस १३१९४ या क्रमांकाने या लिप्यांचे मानक प्रसिद्ध केले. ज्या कळीवर देवनागरीचा क आहे, त्याच कळीवर कानडीचा क आहे. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सारे आपापल्या त्याच जागी. बोटांना लिपी ठाऊकच नसते, त्यांना फक्त ध्वनी ठाऊक असतात. पाणिनीच्या देशाला शोभेल अशी ही योजना आहे असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. तिच्या पोटात एक धोकाही आहे, हे मात्र तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. संगणकावर प्रत्येक खिडकीला तिची तिची लिपी नेमून देता येते. मी तशी दिली होती: टिपणांना देवनागरी, संवादाला कानडी. म्हणजे लिहिणारा एका खिडकीतून दुसरीत गेला तर त्याच्या बोटांना काहीही कळत नाही. आणि डोळे कागदावर असतील, तर डोळ्यांनाही नाही.

त्या संध्याकाळी मी टिपणात लिहिले: पहिल्या वाचनात असे वाटते की. एवढे लिहून थांबले. जो निर्णय बोटांवर आला होता तो कडू होता, आणि तो लिहिण्याआधी प्रकरणाची मधली पाने पुन्हा एकदा वाचावीत असे मनाला वाटले. हात मांडीवर ठेवून मी ती चार पाने सावकाश वाचली. मग कागदावरची नजर न काढता पुढे लिहिले: हे प्रकरण उसने आहे. ओळ बदलण्याची कळ दाबली, कारण माझी टिपणे एका ओळीत एक मुद्दा अशी असतात. पुढे लिहू लागले: परंतु तळाशी. तेवढ्यात नजर वर गेली.

टिपणाच्या खिडकीत वाक्य 'वाटते की' या शब्दांपाशी तुटलेले होते. उजव्या कोपऱ्यातील संवादाच्या खिडकीत कानडी लिपीत, स्वच्छ, बिनचूक मराठी उमटले होते: हे प्रकरण उसने आहे. ओळ बदलण्याची कळ त्या खिडकीत पाठवण्याची कळ असते. निरोप गेला होता. खालच्या रिकाम्या चौकटीत, न पाठवलेले, 'परंतु तळाशी' एवढे दोन शब्द उभे होते.

दुसऱ्या कुणाला तो निरोप गेला असता तर कानडी वाचकाला मराठी कळले नसते आणि मराठी वाचकाला लिपी. दोन्ही येणारी नेमकी तीच एक होती. 'प्रकरण' हा शब्द तर दोन्ही भाषांचा. मी घाईघाईने निरोप पुसला. पण तो वाचला गेल्याची खूण त्याआधीच उमटली होती. त्यानंतर नऊ दिवस तिचा निरोप नाही, की ती भेटीला नाही.

आता या ठिकाणी संगणकावर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे होते, आणि पहिले दोन दिवस मी तेच केले. तिला तसे कळवावे असेही मनात आले. परंतु 'यंत्राने केले' हे म्हणायचे तर यंत्राने नेमके काय केले ते आपल्याला सांगता आले पाहिजे. पाठभेदाचा दोष लेखनिकावर ढकलण्यापूर्वी लेखनिकाची सवय अभ्यासावी लागते, हे आम्हीच विद्यार्थ्यांना शिकवतो. आमच्या वरच्या मजल्यावर मूळचे सोलापूरचे एक तरुण गृहस्थ राहतात; वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांवर बसवलेले संगणक सांभाळण्याचे त्यांचे काम आहे. त्यांना मी गाठले.

त्यांनी माझी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "मॅडम, आठवून सांगितलेलं उपयोगाचं नाही. आधी नोंद घेऊ."

त्यांनी दहा-बारा ओळींची एक आज्ञावली लिहून संगणकावर ठेवली. ती सेकंदातून पाच वेळा एकच प्रश्न विचारी, या क्षणी पुढची खिडकी कोणती? उत्तर बदलले की वेळ आणि खिडकीचे नाव एका फाइलीत लिहून ठेवी. मी नेहमीप्रमाणे काम करायचे आणि आपले अक्षर दुसरीकडे पडले असे वाटले की कागदावर वेळ टिपायची. दोन नोंदी, एक यंत्राची आणि एक माणसाची. मला हे काम आवडले. दोन हस्तलिखिते ताडून पाहण्यासारखेच ते होते.

दरम्यान या विषयावर मी जे मिळेल ते वाचत गेले. टंकलेखन यंत्राच्या काळात हा प्रश्न संभवतच नव्हता. यंत्रात कागद एक, आणि कळ दाबली की अक्षर त्याच कागदावर. बोरूचे तर विचारूच नये. जिथे डोळा तिथे बोरू. एकाच पडद्यावर अनेक कागद एकमेकांवर पसरता येतील ही कल्पना कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात आकाराला आली. माऊसचे सार्वजनिक प्रात्यक्षिक त्याआधी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे करून दाखवले होते. खिडक्या अनेक झाल्या, परंतु कळफलक एकच राहिला. तेव्हा त्या एका कळफलकाचा शब्द कोणत्या खिडकीने ऐकायचा, हे कुणीतरी ठरवणे भाग पडले. या मानाला इंग्रजीत 'फोकस' म्हणतात. मूळ लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ चूल. घरातील सगळे जिच्याभोवती जमतात ती. किरण जिथे एकवटतात त्या बिंदूला तो शब्द केप्लरने १६०४ साली लावला, आणि तिथून तो दूर दूर गेला. मी त्याला 'अवधान' म्हणते. कीर्तनकार श्रोत्यांकडे मागतो ते अवधान. इथे ते यंत्राने कुणाला द्यावे हा प्रश्न.

त्याची दोन घराणी झाली. एक म्हणते, माऊसचा बाण ज्या खिडकीवर असेल तिला अवधान द्यावे. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत सुरू झालेल्या एक्स या पद्धतीत ही चाल पुष्कळ रूढ होती, आणि तिचे निष्ठावंत अजूनही आहेत. पण चहाच्या पेल्याचा धक्का माऊसला लागला तरी त्यांची अक्षरे भलतीकडे जातात. दुसरे घराणे म्हणते, बोट दाबून जिला निवडले तिलाच अवधान. आज घरोघर हीच रीत. परंतु तिच्यातही एक फट राहिली. वापरणाऱ्याने निवडले नसताना एखादी आज्ञावली स्वतःच पुढे येऊन बसली तर? प्रश्नाची चौकट अचानक समोर उभी राहते, 'होय' हे उत्तर आधीच उजळलेले असते, आणि आपण दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्यासाठी दाबलेली कळ त्या प्रश्नाला संमती देऊन जाते. प्रश्न काय होता हेही कळत नाही. लिनक्सवरील केडीई या व्यवस्थेत अशा घुसखोरीला किती अटकाव करायचा याच्या पाच पायऱ्या दिलेल्या आहेत. अजिबात नको इथपासून ते पराकोटीपर्यंत. गावातील आगंतुकांचा बंदोबस्त करावा तशा.

विंडोजमध्ये १९९८ च्या सुमारापासून असा नियम आहे की वापरणारा कामात असताना दुसऱ्या आज्ञावलीने पुढे यायचे नाही. तिने तळाच्या पट्टीवर लुकलुकून आपली उपस्थिती कळवावी आणि थांबावे. सभ्य नियम आहे. परंतु वापरणारा कामात आहे हे यंत्राने कसे ओळखायचे? त्याची खूण एकच: कळ दाबली गेली का, माऊस हलला का. शेवटच्या हालचालीनंतर ठरावीक मुदत लोटली की हा बंदोबस्त उठतो. रूढ मुदत २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंद.

हे वाचले आणि मी जागच्या जागी थांबले. ती चार पाने मी पुन्हा वाचली, त्याला किती वेळ लागला असेल? नंतर घड्याळ लावून वाचून पाहिली. साडेचार मिनिटे.

सहा दिवसांनी शेजाऱ्यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. माझ्या कागदावर सात वेळा होत्या. यंत्राच्या फाइलीत पुष्कळ अधिक, परंतु माझ्या साती वेळांच्या आगेमागे तिथे एकच गोष्ट दिसत होती. नाव नसलेली एक खिडकी सेकंदाहून कमी काळ पुढे येई आणि नाहीशी होई. तिचा माग काढता ती प्रिंटरसोबत आलेल्या एका मदतनीस आज्ञावलीची निघाली. शाई संपत आली काय हे पाहण्यासाठी ती ठरावीक अंतराने उठे, पडद्यावर काहीही न दाखवता एक क्षण पुढे येऊन बसे आणि निघून जाई. मी लिहीत असले की नियम तिला अडवी. मी वाचत असले, विचार करीत असले, की यंत्राच्या लेखी मी जागेवर नव्हते; मग वाट मोकळी.

"ती आली ते आलीच," शेजारी म्हणाले, "पण मॅडम, ती गेल्यावर मान तुमच्या टिपणाकडे परत जायला हवा होता. तो या कोपऱ्यातल्या खिडकीला का गेला?" आणि त्यांनी स्वतःच उत्तर दिले. पुढची खिडकी नाहीशी झाली की यंत्र मान उतरंडीतील सर्वांत वरच्या खिडकीला देते. सर्वांत वर संवादाची खिडकी होती. ती मीच ठेवली होती.

मी विचारले, "तुमच्या कारखान्यात काय करता हो? तिथे तर धोक्याची सूचना पुढे आलीच पाहिजे."

"नाही येत. माणूस आकडा भरत असला तर सूचना वरच्या पट्टीत लाल होते, भोंगा वाजतो. आकड्याच्या मध्ये येत नाही. मध्ये आली तर अर्धा आकडा मशीनला जाईल."

उपाय अर्ध्या तासात झाले. मदतनीस आज्ञावली काढून टाकली. प्रिंटर तिच्याविनाही छापतो. संवादाच्या खिडकीचे 'सदैव वर' हे स्थान काढले. त्या खिडकीत ओळ बदलण्याची कळ दाबल्यावर फक्त ओळच बदलेल अशी व्यवस्था केली. ती मुदतही वाढवून दिली. तशी ती वाढवता येते. सगळ्या खिडक्यांना एकच लिपी ठेवावी असेही त्यांनी सुचवले, परंतु ते मी मानले नाही. कानडी मला कानडीतच लिहायची आहे.

बंगळुरातील शतावधानी आर. गणेश यांच्या अवधानांविषयी मी बरेच ऐकले होते. याच दिवसांत त्या कलेची रीत मी समजून घेतली. अष्टावधानात आठ पृच्छक कवीभोवती बसतात. कुणी समस्या घालतो, कुणी पदोपदी अक्षरे निषिद्ध करतो, आणि एकाचे काम केवळ अप्रस्तुत बोलण्याचे असते. कवी श्लोकाचा चरण जुळवीत असताना त्याने मध्येच भलतासलता प्रश्न टाकायचा, आणि कवीने त्याला चुरचुरीत उत्तर देऊन पुन्हा आपल्या चरणावर यायचे. आपल्या पूर्वजांनी अवधान चोरणाऱ्याला सभेत मानाचे आसन देऊन ठेवले होते. मात्र तो समोर बसतो, त्याचे तोंड दिसते, आणि कवी गप्प बसला म्हणजे तो उठून गेला असे सभेत कुणी समजत नाही. त्या मौनातच श्लोक चालू आहे, हे मांडवातील शेवटच्या श्रोत्यालाही ठाऊक असते. माझ्या यंत्राने मात्र माझ्या साडेचार मिनिटांच्या मौनाची नोंद अनुपस्थिती म्हणून केली. त्या सबंध संध्याकाळी मी सर्वांत अधिक हजर होते ती त्याच साडेचार मिनिटांत. निर्णय लिहिण्यापूर्वी न्यायाने वागावे म्हणून मी थांबले, आणि थांबले म्हणूनच ते वाक्य भलत्या खिडकीत गेले. घाईने लिहिले असते तर गेले नसते. या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि राग कुणावर धरावा ते कळत नाही.

दहाव्या दिवशी मुलगी आली. तिला मी बोलावले नव्हते. ग्रंथालयाचे पुस्तक परत करायचे निमित्त काढून ती आली होती. मी तिला सगळी हकिगत सांगितली. दोन्ही नोंदी दाखवल्या, नाव नसलेली खिडकी दाखवली, २,००,००० हा आकडा दाखवला. इतके परिश्रम घेऊन सिद्ध केलेली गोष्ट सांगताना माणसाला जो उत्साह येतो तो मला आला होता, हे मी कबूल करते. ती नोंदींकडे नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "पण मॅडम, ते वाक्य तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

मी म्हटले, "हो. मीच लिहिलं."

"मग ते कुठल्या खिडकीत गेलं त्यानं काय फरक पडतो?"

यावर माझ्याकडे नोंद नव्हती. स्वतःशी म्हटलेले आणि दुसऱ्याला म्हटलेले यांत फरक असतो, हे मी तिला साहित्यशास्त्रातून समजावू शकले असते. स्वगत आणि संवाद यांवर मी तासभर बोलते. त्या क्षणी ते बोलवेना. मी टिपणाची खिडकी उघडली. त्या संध्याकाळी उशिरा, निरोप गेल्यानंतरच्या अस्वस्थतेतच, मी ते टिपण पूर्ण केले होते. ते तिच्यापुढे वाचले. हे प्रकरण उसने आहे. राजवाड्यांच्या प्रस्तावनेची चाल, राजवाड्यांचाच आवेश. परंतु तळाशी एका तळटीपेत लेखिकेचा स्वतःचा प्रश्न आहे: इतक्या भाषांत कवी राजाला ऐकवतो, तेव्हा त्या सगळ्या भाषा समजणारा श्रोता दरबारात होता तरी कोण? की प्रत्येक रचनेच्या वेळी सभेतील वेगळा कोपरा जागा होत असे? ही तळटीप म्हणजेच प्रकरण आहे. बाकीचे काढून टाकावे.

ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिले, आणि ती गेली आहे असे मी समजले नाही.

"ती तळटीप मी शेवटच्या रात्री घातली," ती म्हणाली. "काढणार होते." मग पर्समधून पेन्सिल काढून तिने छापील प्रत ओढून घेतली आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. दुसऱ्या पानावर मारली. अकराव्या पानापर्यंत ती अशी गेली, तेव्हा मीच म्हटले, "अगं, इतकं नको."

जाताना ती सहज म्हणाली, की तो निरोप वाचताना आधी तिला हसू आले होते. कानडी लिपीतली मराठी तिच्या आजीच्या वह्यांत असे. जमाखर्च, औषधे, आरत्या. मॅडमना कुणी शिकवले, असे वाटले. अर्थ त्यानंतर कळला.

नवे प्रकरण ती या महिन्यात लिहीत आहे. परवा मी टिपणे करीत असता तळाच्या पट्टीवर तिचे नाव लुकलुकू लागले. खिडकी पुढे आली नाही. मी हातातले वाक्य पुरे केले, पूर्णविराम दिला, आणि मग तिची खिडकी उघडली. कानडीत एकच ओळ होती: 'श्रोता' या शब्दाला शेवटी दीर्घ स्वर दिला तो चूक आहे, कानडीत शेवट वेगळा, दुरुस्त करावे.